ढमीचं टॉनिक

कुणाच्याही बोलण्यावर चटकन विश्वास न ठेवणं हा दावेसाहेबांचा स्वभाव होता, आणि त्याच स्वभावाचा त्यांना दरमहा पगार मिळत असे. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे त्यांच्या टेबलावरून पुढे जात. म्हणजे बहुतेक वेळा जात नसत. जळालेल्या गोदामाचा फोटो समोर ठेवला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "आग दिसली. धूर कुणी पाहिला?" त्यावरून ऑफिसात त्यांना दावेसाहेब हे नाव पडलं. ते नाव त्यांच्या मागोमाग बिल्डिंगीत आलं, आणि पुढे तर खुद्द बायकोसुद्धा चिडली की "अहो" सोडून "दावेसाहेब" म्हणू लागली. बायको शाळेत भूमिती शिकवायची. शाळेत तिला सगळे बाई म्हणत, म्हणून बिल्डिंगीतही त्या बाईच.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, हमी देऊन बसला.

झालं असं. लेक दूरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यात आईबापांची विचारपूस दोन वाक्यांत उरकायची आणि मग "ढमी कुठंय? ढमीला दाखवा" सुरू व्हायचं. ढमी म्हणजे लेकीने शाळेत असताना दप्तरातून आणलेली मांजर. आणली तेव्हा पिल्लू असं गोलमटोल होतं की दुसरं नाव सुचलंच नाही. आता तिच्या अंगावर नाव तेवढं जाड उरलं होतं. पाठीचा कणा वरून मोजता येत होता, केस राठ झाले होते, आणि चालताना ती प्रत्येक पाय असा ठेवायची, जणू फरशी कुणा दुसऱ्याची आहे.

"बाबा, ती अशी का चालतेय?" लेकीने विचारलं.

"कशी? ऐटीत चालतेय."

"लंगडतेय ती. आणि किती वाळलीय! मला उन्हाळ्यात रजा मिळेल. तोपर्यंत राहील ना हो ती?"

आता इथे शहाण्या माणसाने "बघू" म्हणायचं असतं. दावेसाहेब ऑफिसात दिवसभर "बघू"च म्हणत. पण पडद्यावर लेकीचा चेहरा एकाएकी शाळेतल्यासारखा झाला होता, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "राहील म्हणजे? उड्या मारेल! मी आहे ना इथे."

स्वयंपाकघरात बाईंच्या हातातला चमचा थांबला. या माणसाने लग्नातही "सुखी ठेवीन" एवढं म्हणायला अवांतर मुद्दे काढले होते.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि शांतपणे बोलायच्या. त्यांनी ढमीला तपासलं, रक्त पाहिलं, आणि सांगितलं, "मूत्रपिंडं थकलीत, सांधे आखडलेत, पोट नीट साफ होत नाही. वय झालंय. मी सांगते ते खाणं द्या, पाणी पोटात जाऊ द्या, आणि अधूनमधून आणत जा."

"टॉनिक वगैरे काही?"

"सप्लिमेंट? एखादं चालेल. पण आधी खाणं. आणि काहीही सुरू करायच्या आधी मला फोन करा."

दुसऱ्यांच्या कागदांवरची मुंगीएवढी अक्षरं भिंग लावून वाचणाऱ्या दावेसाहेबांनी या वाक्यांपैकी "एखादं चालेल" एवढंच वाक्य घरी आणलं. बाकीची दवाखान्यातच राहिली.

दुकानात गेल्यावर त्यांचा उरलासुरला स्वभावही बदलला. एका डब्यावर एक मांजर हवेत उडी मारत होतं. खाली लिहिलं होतं, "पुन्हा तारुण्याचा अनुभव". एरवी दावेसाहेबांनी विचारलं असतं, या मांजराला उडी मारण्यापूर्वी कुणी पाहिलं होतं? अनुभव कुणाचा, मांजराचा की डबा विकणाऱ्याचा? पण त्यांनी फक्त विचारलं, "मोठा डबा आहे का?"

ती शिंपल्यांची पूड होती. सांध्यांसाठी. दावेसाहेबांनी ती मोठ्या निगुतीने ढमीच्या जेवणात कालवली आणि बाजूला उभे राहिले. ढमी आली, वास घेतला, वर दावेसाहेबांकडे पाहिलं, आणि मग वाटीच्या चारी बाजूंनी पंजाने फरशी खरवडू लागली. वाटीवर माती ओढावी तशी.

"हे काय करतेय ही?" दावेसाहेबांनी विचारलं.

"पुरतेय," बाई म्हणाल्या. "मांजर काय पुरतं ते ठाऊक आहे ना? त्यावरून तुमच्या टॉनिकबद्दल तिचं मत काढा."

ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली आणि पी.टी. मास्तर खाली उतरले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण सल्ल्यातून झाले नव्हते. गळ्यात शिट्टी नसली तरी बोलताना ती असल्यासारखीच वाटायची.

"पावडर?" मास्तर म्हणाले. "दावेसाहेब, सायकलची चेन कुरकुरली तर तुम्ही तिला पावडर लावता?"

"नाही."

"काय लावता?"

"तेल."

"मग!"

या "मग!"पुढे भल्याभल्यांचा युक्तिवाद लटका पडतो. दावेसाहेबांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सुली आणल्या. कॅप्सूल टाचणीने टोचून तेल जेवणावर पिळायचं, असं डबीवर लिहिलं होतं. टोचताना तिचं तोंड कुणीकडे असावं, हे लिहिलं नव्हतं. पहिली कॅप्सूल दावेसाहेबांनी ऑफिसला निघायच्या घाईत टोचली, आणि तेलाची एक बारीक, नेमकी चिळकांडी त्यांच्या मिशीवर, तिथून टायवर आणि टायवरून शर्टाच्या खिशात गेली. शर्ट बदलला. टाय तशीच राहिली, कारण टाय एकच होती. मिशीचं तर बोलायलाच नको.

त्या दिवशी नेमकी मोठ्या साहेबांची मीटिंग. बंद खोली. थोड्याच वेळात मोठ्या साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. मग दुसरी. मग शिपायाला बोलावून कपाटामागे उंदीर मेलाय का ते पाहायला लावलं. कपाट हललं, धूळ उडाली, सगळे शिंकले. उंदीर निघाला नाही. दावेसाहेब सबंध वेळ समोरच्या कागदात डोकं घालून "खरंच, फारच वास येतोय" अशा चेहऱ्याने बसले होते. मीटिंग आटोपती घेतली गेली. जाता जाता मोठे साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

संध्याकाळी कोपऱ्यापासून घरापर्यंत गल्लीतली झाडून सारी मांजरं त्यांच्या मागे आली. आजवर एकानेही त्यांना ओळख दाखवली नव्हती. एक बोका तर जिन्यापर्यंत पोचवायला आला. साऱ्या मुलखात एकच मांजर अशी होती जी दावेसाहेब दारात दिसताच उठून दुसऱ्या खोलीत गेली, आणि तिच्याचसाठी हे सगळं चाललं होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा का भलं करायला निघाला की त्याला आवरणं अवघड. सांध्यांना पूड झाली, तेल झालं. मूत्रपिंडांनी काय पाप केलं? त्यांच्यासाठी गोळी आली. पोटासाठी आणखी एक पूड आली. तिच्यात म्हणे चांगले जंतू होते.

"चांगले म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे आपल्या बाजूचे."

मास्तरांना हे फार पटलं. त्यांनी कागदाच्या पुडीत थोडे जंतू स्वतःसाठीही बांधून नेले. मांजराच्या पोटात आणि माणसाच्या पोटात फरक फक्त घनफळाचा, असं म्हणून त्यांनी मात्रा त्या हिशेबाने वाढवली, आणि नंतर काही काळ ते मुळीच खाली आले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र आल्या. त्या काय बोलल्या ते इथे सांगण्यात अर्थ नाही, पण "तुमचं मांजर" हे शब्द त्यांनी असे उच्चारले की दावेसाहेबांनी दोन पावलं मागे घेतली.

बरे झाल्यावर मास्तर गोळीच्या कामाला स्वतः हजर राहिले. गोळी जेवणात लपवण्याचे सगळे प्रकार फसले होते. ढमी भोवतालचं सगळं चाटूनपुसून खायची आणि वाटीच्या मधोमध गोळी धुवून ठेवल्यासारखी चकचकीत ठेवायची.

"हा पकडीचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "टॉवेल आणा. मी धरतो. तुम्ही जबडा उघडा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवा, तोंड मिटा, गळ्यावरून हात फिरवा. झालं."

"दात आहेत तिला," बाई दारातून म्हणाल्या.

"किती उरलेत आता!" दावेसाहेब म्हणाले.

उरलेल्यांपैकी सर्वांत कर्तबगार दात त्यांच्या अंगठ्यात रुतला. मास्तर "सोडू नका, सोडू नका" ओरडत होते. ते दावेसाहेबांना उद्देशून की ढमीला, ते स्पष्ट झालं नाही. टॉवेल एकीकडे, ढमी दुसरीकडे, आणि गोळी नंतर मास्तरांच्या शर्टाच्या बाहीत सापडली. ती तिथे कशी पोचली, याचं समाधानकारक स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

दावेसाहेबांना सुयांचा कोर्स घ्यावा लागला. आता, नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च कंपनी देते. दावेसाहेबांनी रीतसर दावा दाखल केला. जन्मात पहिल्यांदा ते टेबलाच्या त्या बाजूला गेले. त्यांचा दावा तपासायला आला तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या सहायक मुलीकडे. तिने त्यांना समोर बसायला सांगितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"सर, चाव्याच्या वेळी अंगठा कुठे होता?"

"मांजराच्या तोंडात."

"कशासाठी?"

"गोळी द्यायला."

"गोळी डॉक्टरांनी लिहून दिली होती?"

दावेसाहेब घुटमळले. "एखादं चालेल, असं म्हणाल्या होत्या."

"मांजर पूर्वीपासून ओळखीचं?"

"घरचंच आहे हो!"

"म्हणजे ते चावू शकतं याची कल्पना होती." तिने लिहून घेतलं.

"अगं, अंगठा बघ ना! एवढी जखम दिसतेय."

"तुम्हीच शिकवलंय ना सर," मुलगी अतिशय आदराने म्हणाली, "जखमेवर नाही, कारणावर बोट ठेवायचं."

दावा नामंजूर झाला. शेरा होता, "धोका स्वेच्छेने पत्करलेला." दावेसाहेबांनी तो वाचला आणि मान वर केली. मुलगी म्हणाली, "वाक्य तुमचंच वापरलंय, सर. बदल केला नाही."

त्या दिवशी ते पायी घरी आले. मनात म्हणाले, आता ज्या जिवासाठी आपण एवढी अप्रतिष्ठा सोसली, त्याने निदान ओशाळून तरी चार घास खावेत. पण घरी ढमी दिसेना. पलंगाखाली नाही, खिडकीत नाही. शेवटी बाईंना ती कपाटाच्या तळाशी, लेकीच्या जुन्या स्वेटरांवर, भिंतीकडे तोंड करून बसलेली सापडली.

"सकाळचंही तसंच आहे," बाई म्हणाल्या. "कालचंही."

"काय?"

"जेवण. तोंडच लावत नाही. मी नुसतं ठेवून पाहिलं, काही न घालता. वाटी पाहिली की मान फिरवते." भूमिती शिकवणाऱ्या माणसाला निष्कर्ष सांगताना आवाज चढवावा लागत नाही. "जेवणावरचा तिचा विश्वास उडालाय, अहो."

"दावेसाहेब" म्हणाल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. वारही नव्हता रविवार. "सहज केला," ती म्हणाली. "ढमी कशीय?"

"झोपलीय," दावेसाहेब म्हणाले. "पोटभर जेवून झोपलीय." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ कपाटासमोर उकिडवे बसून राहिले. आत अंधारात दोन डोळे त्यांच्याकडे पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी टोपलीत ढमीला आणि पिशवीत सगळे डबे, डब्या, बाटल्या भरल्या आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक वस्तू हातात घेऊन वाचली. यात दोन डब्यांमध्ये एकच औषध होतं. एक पूड मास्तरांच्या मेहुण्याने दिलेली, घोड्यांसाठीची निघाली. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दावेसाहेबांना बाजू मांडता आली असती.

"आजार तिला वयाने दिलेत," त्या म्हणाल्या. "उपास मात्र तुम्ही घडवलाय. म्हाताऱ्या मांजराने उपाशी राहणं फार वाईट. हिला आज इथेच ठेवते. सलाईन लावू, मळमळीचं औषध देऊ. संध्याकाळी बघू."

"बघू" हा शब्द ऐकणाऱ्याला कसा लागतो, ते दावेसाहेबांना तेव्हा कळलं.

मदतनीसाने त्यांना घरी जायला सांगितलं. ते हो म्हणाले आणि बाकावर बसून राहिले, मांडीवर रिकामी टोपली घेऊन. ऑफिसला फोन करून त्यांनी रजा घेतली. कारण विचारल्यावर "घरचं माणूस दवाखान्यात आहे" एवढं सांगितलं, आणि पलीकडून "कोण?" आल्यावर फोन ठेवला. समोर एक आजी पोपट घेऊन आल्या, एक गृहस्थ कुत्रा घेऊन आले, गेले. पोपटाने त्यांना दोनदा "कोण आहे?" असं विचारलं. दुपारी बाई शाळेतून परस्पर तिथे आल्या, डबा उघडून त्यांच्या हातात दिला, आणि शेजारी बसल्या.

"खा," बाई म्हणाल्या.

"भूक नाही."

"घरात एकाने उपास केलाय तेवढा पुरे."

त्यांनी खाल्लं.

संध्याकाळी ढमीला घरी न्यायची परवानगी मिळाली. "डोळे जरा उजळलेत," डॉक्टर म्हणाल्या. "हे सगळं बंद. साधं, कोमट, तिला आवडेल ते ठेवा, आणि तिच्या डोक्यावर उभे राहू नका. खायला लागली, की मग यातलं एक सुरू करू. एकच. कुठलं ते मी सांगेन." आणि पिशवी त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली.

बाईंनी नुसत्या पाण्यात कोंबडी शिजवली. दावेसाहेबांनी तिचे बारीक धागे केले, बशीत घातले आणि कपाटासमोर ठेवले. ढमी पुढे आली, पण अर्ध्यावर थांबली. दावेसाहेबांना डॉक्टरांचं सांगणं आठवलं. डोक्यावर उभं राहायचं नाही म्हणून ते बसले. बसूनही उंच वाटत होते, म्हणून सरळ फरशीवर आडवे झाले, पोटावर, हनुवटी जमिनीला टेकवून. ढमी हलली नाही. मग त्यांनी हात लांब करून बशीतला एक धागा उचलला आणि तोंडात घातला.

"बघ," ते चघळत म्हणाले. "काही नाही त्यात. शपथेवर सांगतो."

ढमीने त्यांच्या तोंडाशी येऊन वास घेतला. मिशी नीट तपासली. मग बशीचा वास घेतला. पुन्हा मिशीचा. दावेसाहेबांनी आयुष्यात इतकी कसून छाननी पाहिली नव्हती. शेवटी तिने एक धागा उचलला, मग दुसरा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होणार, तोच बाईंनी धावत जाऊन गॅस बंद केला.

बशी संपेपर्यंत ते तसेच पडून होते. नंतर उठताना मात्र जमेना. बाईंना हात द्यावा लागला.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा दावेसाहेबांनी ढमीला दाखवलं, आणि तिला खाली ठेवून फोन स्वतःकडे वळवला. "ऐक. मी हमी दिली होती ना तुला, ती मी मागे घेतो. ती खातेय, पण थकलीय. किती दिवस, ते मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. परवा पोटभर जेवलीय म्हटलं ते खोटं होतं. तू उन्हाळ्याची वाट बघू नकोस."

लेक म्हणाली, "तिकीट बघते."

ती आठवड्याच्या आतच आली. ढमीने तिला आधी ओळखलं नाही, मग बॅगेत शिरली आणि तिथेच मुक्काम ठोकला, त्यामुळे लेकीला घालायला कपडे आईचे घ्यावे लागले. लेक दिवसभर बॅगेशेजारी बसून कामं करायची. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकमेव औषध, चवीला बेताचं, ढमी आता खाण्याबरोबर मुकाट घेत होती. जेवणाच्या वेळी दावेसाहेब नेमाने फरशीवर पालथे पडत, आणि नंतर पलंगाचा काठ, खुर्ची आणि देवाचं नाव यांच्या आधाराने उठत. हे उठणं लेक बघत होती.

एका संध्याकाळी बाईंनी त्यांच्यापुढे सूप आणून ठेवलं. दावेसाहेबांनी चमचा घातला आणि थांबले. वाटी नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. फार ओळखीचा. मिशीला आठवत होता.

त्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बाई आणि लेक उभ्या होत्या, एकीच्या खांद्यामागून दुसरी. लेकीने पाठीमागे लपवलेली एक डबी अर्धी बाहेर डोकावत होती, आणि डबीवर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ हवेत उडी मारताना दिसत होते. दोघींनी श्वास रोखून धरला होता. तो तसा रोखला की छातीत काय होतं, हे दावेसाहेबांना आतून ठाऊक होतं.

डबीवर काय लिहिलंय ते विचारावं, पुरावा मागावा, निदान उडी मारण्यापूर्वीचे गृहस्थ कुणी पाहिले ते विचारावं, असं जिभेवर आलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली, आणि डोळे मिटून तळापर्यंत प्यायले.

"कसं झालंय?" लेकीने फार सहज आवाजात विचारलं.

"छान," दावेसाहेब म्हणाले. "अजून असेल तर घाल."

बॅगेतून ढमीने मान वर काढून हा सगळा प्रकार पाहिला. मग एखाद्या फितूर झालेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे एकवार पाहिलं, आणि पाठ फिरवून झोपली.